नेमूने पिक्चर महाग केला

पंचगंगेकाठच्या एका गावात नेमू नावाचा एक भोळा माणूस होता. वय चाळीस. त्याच्या डोक्यात सहसा काही शिरत नसे, पण एकदा शिरलं की ब्रह्मदेव आला तरी ते बाहेर निघत नसे. तो विमलाक्कांच्या दुकानात कामाला होता.

आक्कांच्या वडलांचा एके काळी तंबूतला सिनेमा होता. त्यांनी आयुष्यात एकच पिक्चर स्वतः काढला, आणि त्याची रिळं हरवून बसले. सत्तरेक वर्षांनी ती घरातल्याच जोंधळ्याच्या कणगीत सापडली. आक्कांनी हातातल्या पाटल्या मोडल्या, रिळं मुंबईला नेऊन नीट करून घेतली आणि त्या पिक्चरच्या दोनशे सीडी काढायला दिल्या. प्रत्येक सीडीला देखणा खोका, सोबत एक पुस्तिका.

पिक्चरची नायिका हंसाबाई अजून हयात होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. पिक्चर लागला तेव्हा सासरच्यांनी त्यांना तो बघू दिला नव्हता. सतराव्या वर्षी आपण पडद्यावर कशा दिसत होतो, एवढं एकदा बघावं आणि मग डोळे मिटावेत, असं त्यांना फार वाटे. आक्कांनी त्यांना शब्द दिला होता, की सीडी आल्या की पहिल्या रविवारी या, मी दाखवते.

सीडी यायच्या आधीच दुकानाबाहेर पाटी लागली, एका खोक्याला अडीच हजार. मगदूम मास्तर आत आले आणि म्हणाले, बाजारात पन्नास रुपयांत दोन पिक्चर मिळतात, मग हाच एवढा महाग का?

"मलाबी तेच वाटतंय," नेमू म्हणाला. "घेऊ नका."

मास्तर निघून गेले. आक्का चिडल्या. म्हणाल्या, अरे, लाखावर चित्रं आहेत त्या रिळांत. मुंबईच्या माणसांनी वर्षभर बसून एकेका चित्रावरची रेघ अन् रेघ पुसली. म्हणून महाग. नेमूने खूणगाठ बांधली, रेघा पुसल्या की वस्तू महाग होते.

दुसऱ्या दिवशी हंसाबाईंकडून पुस्तिका आल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर शाईची एक थरथरती रेघ होती. नेमूने दोन डझन लिंबं आणली आणि संध्याकाळपर्यंत दोनशे रेघा पुसून काढल्या.

"अरे, सह्या होत्या त्या हंसाबाईंच्या," आक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं, की म्हाताऱ्या माणसाच्या हातची खूण असली की वस्तूचं मोल वाढतं. ती पुसायची नसते, मुद्दाम जाऊन घ्यायची असते. नेमूने खूणगाठ बांधली.

मग कारखान्यातून सीडी आल्या. आक्का घरात जेवत होत्या. नेमूने गठ्ठा उचलला आणि थेट भैरू अण्णांकडे नेला, कारण गावात त्यांच्याइतकं म्हातारं दुसरं कोणी नव्हतं. अण्णांना लिहिता येत नव्हतं. पेन्शनचं हाय का, एवढंच त्यांनी विचारलं आणि दोनशे सीडींच्या चकचकीत बाजूवर शाईचा डावा अंगठा उमटवून दिला.

आक्कांनी स्पिरिटने घासून घासून चाळीस वाचवल्या. बाकीच्या गेल्या. बातमी गावभर झाली, तसे मगदूम मास्तर धावत आले, अडीच हजार मोजले आणि एक अक्षर न बोलता खोका काखोटीला मारून गेले. मागोमाग पुण्या-मुंबईची माणसं आली. दोन दिवसांत एकच खोका उरला, तो आक्कांनी हंसाबाईंसाठी ठेवला.

रागाच्या भरातही आक्कांना थोडं हसू आलं. त्या म्हणाल्या, बघ नेमू, लाखभर सीडी काढल्या असत्या तर खर्च लाखांत वाटला गेला असता आणि मीही पन्नासला दिली असती. थोड्याच काढल्या म्हणून महाग. त्यातून कमी उरल्या, तर माणूस भांडतसुद्धा नाही. जेवढं कमी, तेवढं मोल जास्त.

नेमूने ही खूणगाठ सगळ्यांत घट्ट बांधली.

रविवारी सकाळी आक्कांनी त्याला पेढे आणायला धाडलं. हंसाबाई यायच्या आहेत, साधे नकोत, मोलाचे आण, असं बजावलं. नेमूने किलोभर पेढे घेतले, देवळाच्या पायरीवर बसला आणि खायला लागला. एक उरला तेव्हा थांबला.

"घ्या आक्का," तो ढेकर देत म्हणाला. "यापेक्षा मोलाचा पेढा गावात न्हाई."

आक्का स्वतःच पेढ्यांना निघाल्या. जाताना त्याला सांगून गेल्या, की बाई आल्या तर बसव. त्यांच्यासाठी ठेवलेला खोका टेबलावर आहे, घरात त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

हंसाबाई आल्या. नवी जरीची साडी, अंबाड्यावर गजरा. कुठं हाय माझा पिक्चर, त्यांनी विचारलं.

नेमूने खोक्याकडे पाहिलं. एक उरली तर एवढी मोलाची, मग एकही नाही उरली तर?

"बसा बाई," तो म्हणाला. "जरा आणखी महाग करून देतो."

बाईंना वाटलं, कागदात बांधून देतोय. नेमू सीडी घेऊन आत गेला, वरवंटा घेतला आणि काम करून आला.

आक्का परतल्या तेव्हा हंसाबाईंच्या मांडीवर रिकामा खोका होता आणि नेमू दारात छाती काढून उभा होता. "आक्का, आता राजा आला तरी त्याला परवडायचा न्हाई," तो म्हणाला.

आक्का आत डोकावल्या, तर पाट्याशेजारी सीडीचा चुरा. हंसाबाई बराच वेळ खोक्यावरचा आपला फोटो कुरवाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एकदाच बघायचं हुतं गं मला."

ते ऐकून आक्कांना रडूच फुटलं. तेवढ्यात त्यांना आठवण झाली. मगदूम मास्तरांकडे एक होती.

"म्हंजे अजून एक उरलीच हाय?" नेमूचा चेहरा पडला.

"हो रे बाबा, आहे. आता गावात तेवढी एकच. पळ, मास्तरांकडे जा."

नेमू लगेच निघाला. आक्का पदराने डोळे पुसत होत्या, म्हणून तो जाताना वरवंटाही घेऊन गेला हे त्यांना दिसलं नाही.