पाय, पोट, नाक आणि कान

"आता आणखी काय बदलू, बुवा?"

हेरंब कारखानीस दारातूनच विचारत आत आला. बूट मात्र त्याने बाहेर काढले. मठीतली तेवढी एक शिस्त अजून त्याच्या अंगात होती.

तात्याबुवा चुलीपाशी बसून पिठलं ढवळत होते. त्यांनी मान वर करून शिष्याकडे नीट पाहिलं. शहराला आणि स्वतःला कंटाळलेला हा पोरगा एकदा घाटाखालच्या या मठीत आला होता आणि वर्षभर राहिला होता. पुढे नशीब काढलं. 'रंगवाडी' नावाच्या भल्यामोठ्या पार्कातले पाळणे, घसरगुंड्या, भुताटकीचा बोगदा, सगळं याच्याच डोक्यातून निघालेलं. त्याचा तोराही मग अंगावर चढला, नाही असं नाही.

बुवा उठले. खुंटीला टांगलेली घडीची लोखंडी खुर्ची त्यांनी काढली, पंच्याने झटकली आणि मधोमध मांडली. डॉक्टर किंवा सरकारी साहेब आला तरच ही खुर्ची खाली उतरत असे.

"बसा," बुवा म्हणाले.

हेरंब आपल्याच विवंचनेत होता. तो बसला.

विवंचना खरीच होती. रंगवाडीच्या एका कोपऱ्यात त्याने खेडेगाव बांधलं होतं. गाव कसलं, ही मठीच होती. हीच चूल, हीच विहीर, हाच गोठा. युरोपातून येणाऱ्या पाहुण्यांना आपलं जगणं दाखवावं, ही त्याची हौस. पाहुणे येत, गोड हसत, फोटो काढत आणि पाव तासात बसमध्ये जाऊन बसत. शेवटी मालकांनी बजावलं होतं, दिवाळीपर्यंत पाहुणे इथे रमले नाहीत, तर गाव पाडून पाण्याच्या घसरगुंड्या करायच्या. बाकीचं सगळं पार्क पाडलं असतं तरी हेरंबला इतकं लागलं नसतं. या गावात त्याचा जीव होता.

"आजवर काय काय बदललंत?" बुवांनी विचारलं.

"सगळं त्यांच्या सोयीनं केलं, बुवा. त्यांचे पाय लांब. मांडी घालून बसवत नाही. मग ओसरीवर उंच बाकं टाकली."

बुवांनी धान्याचं पिंप खुर्चीपुढे सरकवून त्यावर फळी ठेवली. टेबल तयार झालं.

"पोट?"

"फार नाजूक. पिठल्यातली मिरची काढली. लसूणही काढला."

बुवांनी वाटीभर पिठलं काढून घेतलं आणि त्यातला मिरचीचा तुकडा न् तुकडा वेचायला सुरुवात केली. लसूणही वेचला. त्यांना घाई नव्हती.

"नाक?"

"शेणाचा वास चालत नाही. अंगण सिमेंटचं केलं, शेणाच्या रंगाचं. गाय आहे, पण काचेपलीकडे."

बुवा उठले, गोठ्याकडचं दार लावून आले आणि त्यांनी एक उदबत्ती पेटवली.

"कान?"

"कोंबड्याचा त्रास व्हायचा हो. दिला एकाला. आता आमचा कोंबडा स्पीकरवर आरवतो, त्यांचा नाश्ता उरकला की."

बुवांच्या मिशा जरा हलल्या. "समजूतदार कोंबडा आहे."

मग त्यांनी फळीवर ताट ठेवलं. पिठल्याची वाटी, भाकरीचे एकसारखे चौकोनी तुकडे, कागदात गुंडाळलेला चमचा. शेजारी कुणा भक्ताने विसरलेली पाण्याची सीलबंद बाटली.

हेरंबने चमचाभर पिठलं तोंडात घातलं. आणखी एक चमचा घातला. मग चमचा हलकेच खाली ठेवला.

"छान आहे हं, बुवा."

"तुमचे पाहुणे काय म्हणतात, जेवल्यावर?"

"तेही हेच..."

हेरंब थांबला.

"छान आहे म्हणतात," तो हळू म्हणाला. "आणि उठतात."

बुवांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

हेरंबने चमच्याकडे पाहिलं. बाटलीकडे पाहिलं. लावून घेतलेल्या दाराकडे पाहिलं. मग आपण कशावर बसलोय, तेही त्याने पाहिलं...

"बुवा, मी या विहिरीचं पाणी प्यायलोय. मला बाटली?"

"पोट बिघडायचं उगाच. मोठी माणसं तुम्ही."

"आणि मघापासून हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय?"

"पाहुण्याला अरे-तुरे करायची आमच्यात पद्धत नाही, साहेब."

...

हेरंबने रुसून ताट दूर सारलं. एवढ्या मोठ्या माणसाला हे शोभत नव्हतं, पण सारलं.

त्याला पहिला दिवस आठवला. खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नव्हती. नमस्कारही राहिला होता. बुवा आतून ओरडले होते, उभा काय राहिलास, चटणी वाट. वाटली होती. तळहातांची आग दोन दिवस जात नव्हती. चटणी जाडीभरडी झाली होती आणि बुवांनी नावं ठेवत ठेवत ती चाटूनपुसून खाल्ली होती. त्या दिवसापासून ही जागा त्याची झाली होती.

तो उठला. खुर्चीची घडी करून त्याने ती खुंटीला टांगली. गोठ्याकडचं दार उघडलं. शेणाचा, वैरणीचा, गाईच्या अंगाचा वास आत आला आणि उदबत्तीचं काही चालेना.

कोपऱ्यातल्या पाट्यापुढे त्याने मांडी घातली. गुडघे कुरकुरले. सुपात मिरच्या होत्या, लसूण होता. त्याने बाह्या सारल्या आणि वरवंटा फिरवायला घेतला.

बुवांनी पाट्याकडे डोकावून पाहिलं.

"अरे, मीठ कोण घालणार? दर वेळी विसरतोस."

त्या 'अरे'वर हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं नाव सांगायची सोय होती, ते बरं झालं.

बुवांनी ती वेचलेली वाटी दारातल्या कुत्र्यापुढे ठेवली. त्याने हुंगली आणि तो पुन्हा पडून राहिला. मग दोघांत एकच ताट घेऊन ते जेवायला बसले. हेरंबचं नाक वाहत होतं, कान लाल झाले होते, आणि तो भाकरीवर भाकरी मागून घेत होता. बुवाही त्याच्या ताटात पिठलं वाढत होते, तो नको म्हणायच्या आत.

भांडंभर विहिरीचं पाणी पिऊन झाल्यावर त्याला आपल्या गावाची आठवण झाली.

"बुवा, माझं विचारणं तसंच राहिलं. त्यांचे पाय बघितले, पोट बघितलं, नाक, कान, सगळं बघितलं... आता बघायचं राहिलं काय?"

बुवांनी पाट्यावर उरलेली चटणी बोटाने निपटून चाटली. आजही जाडीभरडीच होती.

"हात आहेत ना रे त्यांना?"