ओसंडलेल्या पाण्यातले मासे

भंडाऱ्याकडच्या एका गावात मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मोठा तलाव होता. एका पावसाळ्यात तो असा ओसंडला की खालच्या अंगाची भागरताबाईची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, उभ्या धानासकट पार वाहून गेली. ती दाद मागायला गेली, तेव्हा मालगुजार मिशीवर हात फिरवत म्हणाला, "तलावाच्या पाळीबाहेर गेलेलं पाणी माझं नाही, देवाचं."

बाई शेतावर परतली. बांधीत पडलेल्या खड्ड्यात पाणी साचलं होतं आणि त्यात रोहूची बोटभर पिल्लं वळवळत होती. तिने भोवती बांध घातला, रोज मूठभर कोंडा टाकला. माघापर्यंत मासे वीतभर झाले आणि धान गेलेल्या घरात नातवंडं पोटभर जेवू लागली.

मग एके दिवशी मालगुजार जाळी घेतलेले गडी घेऊन आला. "मासे माझ्या तलावातले आहेत. काढा सगळे!"

भागरताबाई म्हणाली, "न्या ना, मालक. मासे तुमचे, तर ज्या पाण्यातून ते आले तेही तुमचंच. आधी त्या पाण्याने नेलेलं माझं धान आणून टाका."

गड्यांनी जाळी खांद्यावरून उतरवलीच नाहीत. मालगुजार माघारी वळला.

"थांबा," म्हणत तिने चुलीसाठी काढलेला रोहू पळसाच्या पानात गुंडाळून पुढे केला. "मालक म्हणून मिळायचा नाही. पाहुणे म्हणून न्या."