एकही माकड नाही

“यंदा एकही मेलेलं माकड नाही, सर. मग माकडताप संपला असं का नाही म्हणायचं?”

डॉक्टर तेंडोलकर पडवीत सुपारी कातरत बसले होते. साथीच्या तापांमागे सगळं आयुष्य घालवून आता या गावात राहिले होते.

समोर ऋजुता. त्यांची विद्यार्थिनी. परदेशात शिकली, तिथली नोकरी सोडून परत आली, ती या तापाला हटवायचंच म्हणून. संध्याकाळी तिचा अहवाल जाणार होता. तो गेला की तपासणी पथक जिल्ह्यातून उठणार होतं.

“एकही नाही, हे कोणी सांगितलं?”

“कोणी काही कळवलंच नाही. म्हणजे शून्य.”

“हं... माकडांनी कळवायला हवं होतं.”

ती हसली नाही. “सर, आधी माकडं मरतात, मग माणसं. मेलेल्या माकडाच्या अंगावरचे गोचीड उतरतात आणि जवळ जाईल त्याला चावतात. हे तुम्हीच शिकवलंत. माकडं मरत नाहीत, तर साथ कुठली?”

“शिकवलं खरं...” त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “गवसांच्या पुंडलिकला ताप आहे, असा निरोप आलाय. चल.”

“ताप कशानेही येतो.”

“येतो. चल.”

पुंडलिक माजघरात पडला होता. डोळे लालभडक. डॉक्टरांनी नाडी पाहिली, हिरड्या पाहिल्या. हिरड्यांतून रक्त येत होतं.

“गाडी बोलाव,” ते ऋजुताला म्हणाले.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. मग पुंडलिकच्या बायकोकडे वळली.

“शेवंतीताई, इथे आसपास मेलेलं माकड दिसलं होतं का?”

“नाय ओ मॅडम. आमच्याकडे तसा काय नाय.”

“नक्की?”

“नाय म्हटलंय मा!”

ऋजुताने डॉक्टरांकडे पाहिलं. झालं ना समाधान, अशा नजरेने.

डॉक्टरांनी शेवंतीला हळूच विचारलं, “शेवंती, नारळ खय ठेवलंस?”

शेवंतीने पदराचं टोक तोंडाशी नेलं... आणि हनुवटीने मागच्या काजूच्या बागेकडे दाखवलं.

एका काजूखाली ताज्या मातीचा उंचवटा होता. त्यावर हळद-कुंकू, जास्वंदीचं फूल, नारळाची दोन भकलं.

डॉक्टरांनी चपला काढल्या. हात जोडले.

“सर, चपला घाला! इथे गोचीड असतील!”

त्यांनी घातल्या नाहीत.

शेवंती मागे येऊन उभी होती. “गेल्या वर्षी माकड मेला तेवा आमीच कळवलेला तुमका. तुमच्या माणसांनी रॉकेल ओतून जाळल्यानी. आमच्या मारुतीक... मी कुंकवाचो करंडो घेऊन उभी होतंय. तुमी म्हणालास, मागे सरा.”

ऋजुताला आठवलं. पांढरा पोशाख, तोंडावर काच. मागे सरा, असं ती म्हणाली होती. ज्वाळांचा फोटोही काढला होता. परदेशातल्या परिषदेत तिच्या भाषणाची सुरुवात त्याच फोटोने झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“याला इथे कोणी आणलं?” तिने विचारलं.

“हेनीच. खांद्यार घेऊन.” शेवंतीने घराकडे पाहिलं. “तुमका कळाक नको म्हणान पहाटेच पुरल्यानी.”

 दूर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. शेवंती पळत घराकडे गेली.

“मी जाळायला नको होतं का, सर?”

“जाळायलाच हवं होतं.”

“मग...”

त्यांनी मातीवरच्या नारळाच्या भकलांकडे बोट दाखवलं.

“आता हेही उकरून जाळावं लागेल,” ती म्हणाली.

“लागेल.”

“पुंडलिकदादा वाचतील?”

“माहीत नाही.”

पुंडलिकला झोळीतून गाडीत चढवताना दोघांनी लांबून पाहिलं. शेवंती त्याच्या पायाशी बसली. दार बंद झालं.

ऋजुताने फोन काढला. पथकाला बोलवायचं होतं. अहवाल थांबवायचा होता. 

“उशीर झाला, सर.”

“झाला...”

डॉक्टरांनी खिशातून काही सुट्या नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या.

“पथक येईपर्यंत नाक्यावरून नारळ आण. शेंडी असलेला बघून घे.”