पोर्चमधली अँबॅसडर

"…पण बाबा, मोडलेली वस्तू पुन्हा पहिल्यासारखी होते की नाही? एवढंच सांगा."

प्रभाकर बोडसांनी हे विचारलं तेव्हा लालशा फकीर चिंचेखाली बसून चहा गाळत होता. मिरजेच्या वेशीबाहेर त्याचा तकिया, म्हणजे एक झोपडी आणि ही चिंच. लोक त्याच्याकडे प्रश्न घेऊन येत आणि बहुधा चिडून परत जात.

"काय मोडलंय?"

"मोडलं होतं. मी नीट केलं. सासऱ्यांची अँबॅसडर. ते गेल्यावर गोठ्यात पडून होती, आत कोंबड्या अंडी घालायच्या. मी घरी आणली. इंजिन स्वतः उतरवलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये धुतला."

"कार्ब्युरेटर म्हणजे?"

"इंजिनाचं नाक समजा."

"सर्दी झाली होती?"

बोडसांनी ते मनावर घेतलं नाही.

"सीटा उसवल्या. आत नारळाचा काथ्या निघाला. मी पुन्हा काथ्याच भरला. हल्ली लोक फोम भरतात. पाप आहे ते. छताचं कापड मूळ रंगाचं मिळेपर्यंत थांबलो. आज त्या गाडीत एक स्क्रू परका नाही. पण घरात शांती नाही, बाबा. बायको बोलत नाही."

"का?"

"मूळ रूप म्हणजे काय, ते तिला कळत नाही."

मूळ रूपावर बोडस अधिकाराने बोलत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसरं काही बोललेच नव्हते. जुन्या गाड्यांच्या एका संमेलनात त्यांचं व्याख्यान झालं, शाल-श्रीफळ मिळालं, टाळ्या पडल्या. एवढी सगळी गाडीवाली माणसं, पण यांची गाडी कुठे उभी आहे, हे एकानेही विचारलं नाही. विचारणं ज्यांचा धंदा, ते वार्ताहर तेव्हा जेवणाच्या रांगेत होते.

फकिराने कप पुढे केला.

"आत्ता कशानं आलास?"

बोडस चहात बघू लागले.

"…रिक्षानं."

चिंचेवर एक कावळा ओरडला. फकीर त्याच्याकडे बघत राहिला.

"स्टिअरिंगवरची हॉर्नची रिंग यायचीय," बोडस म्हणाले. "कोलकात्यात एकाकडे आहे. मूळची. ती एकदा बसली की…"

"उद्या येतो. बघायला."

"मी न्यायला येऊ?"

"कशानं?"

बोडसांनी चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी फकीर चालत आला. गुडघ्यापर्यंत धूळ.

बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती. काळी, तुकतुकीत. पुढच्या दिव्यांत सबंध कंपाउंड दिसत होतं, जास्वंदीसकट. फकिराने भोवती एक फेरी मारली. चाकापाशी वाकला, खालून काहीतरी उचललं. वाळून खारकेसारखं झालेलं लिंबू होतं.

"हे काय?"

"दसऱ्याचं," बोडस म्हणाले. "पूजा करतो ना. चाकाखाली ठेवतात."

"ठेवतात. मग गाडी त्याच्यावरून नेतात. हे तर सबंध आहे."

दारातून बोडसांच्या बायकोने, नलिनीबाईंनी, उत्तर दिलं. "बाकीची तीन मी उचलली, बाबा. सरबत केलं. ते एक पलीकडे घरंगळलं असेल. माझे गुडघे वाकत नाहीत."

"अगं, बाबांसमोर काय…"

"मग कुणासमोर? तुम्ही ऐकता का?" त्या पायरीवर टेकल्या. "बाबा, कोल्हापुरात माझी अक्का आहे. तिची पाठवणी याच गाडीतून झाली. आप्पा स्वतः चालवत होते आणि अक्कापेक्षा तेच जास्त रडत होते. आता तिचे डोळे चाललेत. डॉक्टरांनी हात टेकले. मला म्हणाली, नले, दिसतंय तोवर आप्पांची गाडी एकदा दारात आण. हे म्हणाले, छताचं कापड येऊ दे. कापड आलं. तेव्हा अक्काला माणसं ओळखू यायची. मग म्हणाले, रेडिओ लागू दे. रेडिओ लागला. आता तिला माणसं दिसत नाहीत. गाडीएवढं मोठं काही असेल तरच दिसतं. आणि यांची रिंग कोलकात्यातच आहे."

"अर्धवट गाडी दाखवायची अक्कांना?" बोडस म्हणाले. "त्यांच्याच वडिलांची?"

"ती काय रिंग मोजणार आहे?"

रोज सकाळी बोडस इंजिन चालू करत, डोळे मिटून ऐकत, बंद करत. गाणं ऐकावं तसं. त्याच वेळी बायको कोपऱ्यावर उभी राहून गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जायला रिक्षा शोधत असे. शेजाऱ्यांना हे रोज दिसत होतं. शेजारी म्हणत, काय छंद जोपासलाय!

फकिराने मागचं दार उघडलं.

"बाबा, पाय…" बोडस पुढे धावले.

फकिराने खाली पाहिलं.

"हो. बरोबरच आणलेत."

आणि तो आत बसला. सीटवर जाड प्लॅस्टिक होतं. बसला तसा घसरून पुढे आला. पुन्हा मागे सरकला, पुन्हा घसरला.

"हे कशाला?"

"आतलं खराब होऊ नये म्हणून."

"आत कोण बसतं?"

"कुणी नाही."

"मग खराब कोण करणार?"

फकिराने प्लॅस्टिक एका बाजूने उचकटून काढलं आणि गुंडाळून उशी केली.

"चालू कर."

हे मात्र बोडसांना आवडलं. त्यांनी चावी फिरवली. इंजिनाने एकदाही खोकायचं नाव घेतलं नाही. मऊ, खोल, समाधानी आवाज आला. बोडसांची एक प्रकारे समाधी लागली.

"ऐकलंत?"

"ऐकलं. चल."

"कुठं?"

"पुढं."

बोडसांनी इंजिन बंद केलं.

"पुढं ग्रिल आहे," ते हळू म्हणाले.

होतंच. पोर्चच्या तोंडाला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमिनीत पुरलेलं, वर लोखंडी कमळं. मधे माणूस जाईल एवढं दार. गाडी पलीकडे जाण्याची काही सोय नव्हती.

"हे कुणी घातलं?"

"मीच. भुरटे चोर दिव्यांच्या रिंगा काढून नेतात. शिवाय मांजर. काच उघडी राहिली तर सीटवर पिल्लं घालते. तात्पुरतं म्हणून घातलं होतं."

"आणि कमळं?" नलिनीबाई म्हणाल्या. "तात्पुरत्याला कमळं कशाला लागतात?"

"अगं, नुसते गज बरे दिसत नाहीत."

"गवंडी विचारत होता, बाबा. साहेब, गाडी आत राहणार का बाहेर? हे म्हणाले, आत. तो बिचारा दोनदा विचारून गेला."

फकीर सीटवर आडवा झाला. प्लॅस्टिकची उशी डोक्याखाली घेतली. धुळीचे पाय मूळ रंगाच्या दारावर टेकवले.

"कोल्हापूर आलं की उठव," असं म्हणून त्याने डोळे मिटले.

"बाबा, गाडी निघणार नाही."

…

"बाबा, उतरा. रिक्षा बोलावतो."

फकीर घोरू लागला. खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता.

नलिनीबाई उठल्या. आत गेल्या, बाहेर आल्या. हातात पिशवी, पिशवीत डबा, अंगावर बाहेर जायची साडी. पुढचं दार उघडून नवऱ्याशेजारच्या जागी बसल्या. काथ्या करकरला. वडिलांच्या जाण्यानंतर त्या पहिल्यांदाच त्या गाडीत बसत होत्या. त्यांनी डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला आणि फोन लावला.

"अक्का, गाडीत बसलेय गं."

"कुठल्या गाडीत?" पलीकडचा आवाज मोठा होता. डोळ्यांबरोबर कानही जात असावेत.

"आप्पांच्या."



"प्रभाकर आहे का तिथं?"

नलिनीबाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"प्रभाकर, जपून चालव हो. घाई करू नकोस. मी अंगणात खुर्ची टाकून बसते. जेवायलाच या."

बोडसांनी ग्रिलकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती समोर बघत होती, रस्ता असल्यासारखी.

"…हो, अक्का," बोडस म्हणाले.

मग ते उतरले. हत्यारांच्या कपाटातून लोखंड कापायची करवत काढली. कमळांपुढे उभे राहिले. पहिलं कमळ कापताना त्यांनी डोळे मिटून घेतले, रोज इंजिन ऐकताना मिटत तसेच. आवाज मात्र फार वाईट होता.

शेजारी कुंपणावर जमले.

"बोडस, काय करताय हे? एवढं सुंदर ग्रिल!"

"कोल्हापूरला चाललोय," बोडस दात आवळून म्हणाले.

घाम गळत होता. गज एकेक करून सुटत होते. सगळ्यात शेवटचा गज जाड होता. बोडसांनी करवत दाबली, दाबली, आणि तो सुटला. त्याच्याबरोबर अख्खं ग्रिल आतल्या बाजूला कललं आणि गाडीवर येऊन आदळलं.

खण्ण.

काळ्या, तुकतुकीत बॉनेटवर वीतभर लांब, पांढराशुभ्र ओरखडा उमटला.

नलिनीबाईंचा हात तोंडावर गेला. बोडस हातात करवत धरून ओरखड्याकडे बघत उभे राहिले…

मागच्या सीटवर फकिराने एक डोळा उघडला.

"आलं वाटतं कोल्हापूर."