निम्मं धरणारं गाव

फार फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हाचा राजा कोण होता हे विचारू नका. मलाही माहीत नाही आणि माझ्या आजीलाही नव्हतं. पुढे बसलेल्या पोरांनो, नीट ऐका. आणि भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

एका मोठ्या तळ्याच्या बांधाखाली एक गाव होतं. तीनशे माणसांचं. त्या गावच्या बाजारात एक रीत होती. विकणाऱ्याने दुप्पट सांगायचं आणि घेणाऱ्याने निम्मं करायचं. सोळा कवड्यांची घागर हवी असली, की कुंभार बत्तीस म्हणायचा. गिऱ्हाईक "काहीतरीच काय!" म्हणून पाठ फिरवायचं, कुंभार हाका मारायचा, आणि सोळाला सौदा व्हायचा. गिऱ्हाईक सूट मिळाली म्हणून खूश, कुंभार भाव मिळाला म्हणून खूश. कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

पण सवय म्हणजे सवय. ती बाजार उठल्यावर बाजारात थोडीच राहते? ती माणसांबरोबर घरी आली.

वैद्याला तीन पुड्या द्यायच्या असल्या, की तो सहा सांगायचा. रोगी तीनच घ्यायचा. पाहुणे पाच येणार असतील तर निरोप दहाचा यायचा. बाळंतीण कळांनी ओरडायला लागली, की सुईण म्हणायची, "इतकं नसतं गं बाई दुखत, निम्मं दुखतं." लेकीने सासरहून निरोप धाडला, की मला फार मारतात, तर आई डोळे पुसायची आणि म्हणायची, थोडं मारत असतील. कुणी काही बोललं की ऐकणारा मनातल्या मनात त्याचे दोन तुकडे करायचा आणि एक टाकून द्यायचा. याला ते लोक 'निम्मं धरणं' म्हणत, आणि यात आपण फार शहाणे आहोत असं त्यांना वाटे.

त्या गावच्या तुळाजी कुंभाराने डोंगरापलीकडची बायको केली. तिचं नाव भिवरा. तिच्या माहेरी असली रीत नव्हती. तिकडे सोळा म्हणजे सोळा. ती पहिल्यांदा बाजारात बसली, घागरीला सोळा म्हणाली, आणि दिवसभरात तिची एक घागर खपली नाही. जो येई तो आठला मागे. ती म्हणे, "अहो, सोळाच आहेत, मी वाढवून सांगितलेलंच नाही." लोक हसत आणि पुढे जात.

शेजारी गोजराबाई तेलीण बसायची. म्हातारी, तोंडाची फटकळ, पण मनाची चांगली. ती म्हणाली, "अगं वेडे, बत्तीस सांग की! तुझ्या जिभेला काय काटे टोचतात?"

"टोचतात," भिवरा म्हणाली.

तुळाजीने कपाळावर हात मारला. मग बाजारात तोच बसू लागला आणि भिवरा माती आणायला जाऊ लागली. चांगली चिकण माती बांधाच्या पायथ्याशीच मिळे. पाच वर्षं ती रोज तिथे माती खणत होती. तो बांध तिला स्वतःच्या अंगणासारखा माहीत झाला होता. बांधातून एका जागी थोडं पाणी पाझरायचं. ते नितळ असायचं, आणि ती तेच पाणी ओंजळीने प्यायची.

एका वर्षी पावसाळा सरत आला होता आणि तळं काठोकाठ भरलं होतं. भिवरा माती आणायला गेली, तहान लागली म्हणून पाझराला ओंजळ लावली आणि तशीच थांबली. पाणी गढूळ होतं. तिने ते फडक्यातून गाळलं. फडक्यात बांधाची माती उरली. पाझर आता पाझर राहिला नव्हता, मनगटाएवढी धार झाली होती. पाणी बांधाला आतून खात होतं.

ती टोपली तिथेच टाकून धावत पाटलाच्या ओट्यावर आली. "पाटील, बांध पोखरलाय. चार दिवसांत फुटेल. उंबऱ्यात उभ्या माणसाचं डोकं बुडेल एवढं पाणी गावात येईल. माणसं वर डोंगराच्या देवळात न्या."

पाटील काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं. मग ओट्यावरच्या चार लोकांकडे बघत म्हणाला, "चार दिवस म्हणते, म्हणजे आठ दिवस आहेत. डोकं बुडेल म्हणते, म्हणजे पाणी कमरेला लागेल. कमरेएवढ्या पाण्यात तर आपण म्हशी धुतो."

"पाटील, मी वाढवून बोलत नाही. चला, डोळ्यांनी बघा तरी!"

"बघायला कशाला जायचं, बाई? निम्मं धरलं की झालं."

बघा हं, इथेच सगळी मेख आहे. बांध काही लांब नव्हता. हाकेच्या अंतरावर होता. पण निम्मं धरायची सवय असली, की माणसाला जाऊन बघायचे कष्ट पडत नाहीत. घरबसल्या सत्य कळल्याचं समाधान मिळतं. आळशी माणसाला याहून गोड काय लागणार?

आणि गावाने ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. गावाने ऐकलं, अगदी मापात निम्मं ऐकलं. घरोघरी लोकांनी धान्याची पोती कमरेएवढ्या उंचीच्या ओट्यांवर चढवली. म्हाताऱ्यांच्या बाजा ओट्यांवर ठेवल्या. पोरांची अंथरुणं ओट्यांवर घातली. पाटील दारोदार फिरून स्वतः उंची बघून आला, आणि कुणाचं पोतं कमरेच्या खाली राहिलं असेल तर त्याला रागावला.

भिवराचा जीव तीळतीळ तुटत होता. दुसऱ्या दिवशी गोजराबाईने तिला बाजूला घेतलं. "माझं ऐक. तू खरं बोलतेस हे मला ठाऊक आहे, पाच वर्षं बघतेय. पण या मेल्यांना खरं पचत नाही. तू दुप्पट सांग. डोकं नको म्हणू, घराची आढी बुडतील म्हण. चार दिवस नको म्हणू, उद्याच म्हण. ते निम्मं करतील आणि बरोबर ठिकाणी येतील. तीनशे जीव आहेत गं. तुझी जीभ विटाळली तर विटाळू दे!"

 भिवराच्या पदराला धरून तिची चार वर्षांची लेक, रखमी, उभी होती. तिने लेकीकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाढवून बोलायला निघाली.

"पाटील, आढी बुडतील! आणि उद्याच! उद्याच फुटतोय बांध!"

ओट्यावर हशा पिकला. पाटील म्हणाला, "काल डोकं होतं, आज आढं झालं. काल चार दिवस होते, आज एकच राहिला. म्हणजे बाई, तूही वाढवतेसच की! आम्ही उगाच तुला सरळ समजत होतो. मंडळी, हिचं निम्मं नको, पाव धरा."

तिसरा दिवस उजाडला आणि मावळला. बांध फुटला नाही. कसा फुटणार? तो चौथ्या दिवशी फुटणार होता. पण गावाला खात्रीच पटली. बायका पाणवठ्यावर एकमेकींना म्हणू लागल्या, "बुडालं का गं तुझं आढं?" काहींनी तर पोती ओट्यांवरून खाली उतरवली, कारण डोक्याएवढ्या पाण्याचं पाव धरलं तर पाणी गुडघ्याच्याही खालीच राहत होतं.

तुळाजीला चारचौघांत मान खाली घालावी लागली. तो बायकोला म्हणाला, "झालं समाधान? आता घरात बस."

चौथ्या दिवशी सकाळी भिवराने लेकीला कडेवर घेतलं. "मी देवळात चाललेय. चला माझ्याबरोबर. पाया पडते तुमच्या."

तुळाजीचा जीव होता तिच्यावर. पण अंगणात मडक्यांची भट्टी लावलेली होती. दोनशे मडकी होती, आणि आजच ती निवून उघडायच्या बेताला आली होती. तो म्हणाला, "तू हो पुढे. भट्टी उघडतो, मडकी काढतो, आणि दुपारच्या आत येतो."

"नक्की याल?"

"येतो म्हटलं ना."

भिवराने त्याचा शब्द पुरा धरला आणि ती निघाली. तिला दुसरं येतच नव्हतं. तुळाजी मात्र त्या गावचा होता.

तिच्यामागून एकटी गोजराबाई काठी टेकत डोंगर चढली. दोघी देवळाच्या पायरीवर बसून खाली बघत राहिल्या. ऊन डोक्यावर आलं. तुळाजी दिसत होता. एकेक मडकं काढून, टिचकी मारून, पुसून रांगेत ठेवत होता. भिवराने हाका मारमारून घसा फोडला. त्याने वर बघून हात हलवला, आणि पुढचं मडकं उचललं.

मग बांध फुटला.

पाणी किती आलं विचाराल तर उंबऱ्यात उभ्या माणसाचं डोकं बुडेल एवढं. ना बोटभर जास्त, ना बोटभर कमी. कमरेएवढ्या ओट्यांवरची म्हातारी माणसं आणि पोरं ओट्यांसकट बुडाली, आणि उभ्या माणसांना लोंढ्याने ओढून नेलं. पाणी ओसरलं तेव्हा तुळाजी भट्टीच्या भिंतीला अडकलेला सापडला. भिवराने त्याला ओळखलं आणि तिथेच त्याच्याशेजारी बसली. "येतो म्हणाला होतात ना हो," एवढंच ती सारखं म्हणत होती.

तीनशेपैकी चौऱ्याऐंशी माणसं उरली. कुणी रानात गेलेलं, कुणी झाडाला धरून राहिलेलं. दाणा एक उरला नव्हता. पाटील वाचला होता, पण त्याच्या घरातलं कुणी वाचलं नव्हतं. राजाला खबर गेली. राजा दयाळू होता. त्याने अंमलदाराला धान्याच्या गाड्या देऊन पाठवलं. माणशी माप ठरलेलं होतं, चार महिने पुरेल इतकं.

अंमलदाराने विचारलं, "माणसं किती उरली?"

पाटलाने हात जोडले. "चौऱ्याऐंशी, सरकार."

अंमलदार हसला. "पाटील, तुमच्या गावची रीत दरबारात सगळ्यांना ठाऊक आहे. मीही या बाजारातून घागरी नेल्यात. बेचाळीस धरतो."

"नाही हो सरकार! खरंच चौऱ्याऐंशी! मोजून घ्या!"

"माणसं रानात, झाडाखाली विखुरलेली. कुठे मोजत फिरू? शिवाय शेजारच्या गावातली चार उभी करायला तुम्हाला काय उशीर? निम्मं धरलं की झालं."

पाटलाने स्वतःचंच बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो रडत भिवराकडे धावला आणि तिला हाताला धरून घेऊन आला. "सरकार, हिला विचारा. ही बाई कधी खोटं बोलत नाही. हिने खरं सांगितलं होतं, आम्हीच करंटे. हिच्या शब्दात सूट मागू नका!"

अंमलदाराने तिच्याकडे नीट पाहिलं. तो सरळ माणूस होता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "बाई, किती माणसं आहेत?"

"चौऱ्याऐंशी."

"तू कधीच वाढवून बोलली नाहीस? देवळाकडे तोंड करून सांग. तू नाही म्हणालीस, तर मी चौऱ्याऐंशींचं धान्य उतरवतो."

सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघत उभं होतं. गोजराबाईने डोळे मिटून घेतले. एक 'नाही' पुरे होतं. पण भिवराच्या जिभेला काटे टोचले.

"एकदा," ती म्हणाली. "एकदाच बोलले. गाव वाचवायला."

अंमलदाराने सुस्कारा टाकला. "म्हणजे तूही," तो म्हणाला, आणि बेचाळीस माणसांचं धान्य उतरवून उरलेल्या गाड्या परत घेऊन गेला. तिला कुणी शिव्या दिल्या नाहीत. शिव्या द्यायला कुणाकडे तोंड होतं?

पाटलाने ते धान्य चौऱ्याऐंशी जणांत वाटलं. प्रत्येकाला अर्धपोटी. थंडीत आधी म्हातारी माणसं गेली, मग तान्ही पोरं गेली. गोजराबाई गेली, आपल्या वाटणीचे दाणे ती गुपचूप रखमीच्या वाटीत घालत होती. उन्हाळा लागला तेव्हा गावात एकेचाळीस माणसं उरली. अंमलदाराचा हिशेब फार चुकला नव्हता.

भिवरा लेकीला घेऊन डोंगरापलीकडे माहेरी निघून गेली. तिथे तिने पुन्हा मातीला हात लावला. घागरीला सोळा म्हणायची आणि सोळा घ्यायची. बांधाखालच्या त्या गावात अजून बाजार भरतो म्हणतात. पण तिथले लोक आता आजारी पडले तरी वैद्याला बोलवत नाहीत, आग लागली तरी ओरडत नाहीत. ओरडून उपयोग काय, असं त्यांना वाटतं.

तर पोरांनो, आणि मोठ्यांनो, हे पक्कं लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या शब्दात जो सूट मागत राहतो, त्याचा स्वतःचा खरा शब्द गरजेच्या दिवशी कुणीच पुऱ्या मोलाने घेत नाही.