दिवाणजी चंद्र होतात

ही गोष्ट सांगणाऱ्याइतकं ग्रहताऱ्यांचं ज्ञान पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला नाही! सातवीत दोनदा नापास झालेल्याला तेच धडे तीनदा ऐकायला मिळतात. पास होणाऱ्यांच्या नशिबी ते कुठून?

तर वडगिरीच्या भुजंगरावसरकारांनी एकदा थेट चंद्राशीच भांडण काढलं, आणि ते निस्तरायची पाळी आली सारजाबाईवर.

सारजाबाई तेल्याची लेक. मुलींच्या शाळेत सातवीला शिकवायची. त्या दिवशी तिने अंगणात एक मुलगी पृथ्वी म्हणून उभी केली होती. दुसरी तोंडाला पीठ फासून चंद्र झाली होती आणि पृथ्वीभोवती फेर धरत होती. घोड्यांच्या नव्या पागेसाठी जागा शोधत हिंडणारे राजेसाहेब दिवाण त्र्यंबकपंतांना घेऊन नेमके तेव्हाच आत शिरले.

"शाळेत फुगड्या?" सरकार गरजले.

"फुगडी नव्हे सरकार, चंद्राचा धडा आहे. पृथ्वीभोवती एक फेरा घालेपर्यंत चंद्र स्वतःभोवतीही एक गिरकी घेतो."

"थाप! जन्मभर बघतोय मी त्याला. तोच तोंडवळा, तोच ससा! गिरकी घेत असता तर कधीतरी पाठ दिसली असती की नाही?"

दिवाणजींनी मान डोलावली. सरकार बोलायच्या आधीच मान डोलवायची त्यांना सवय होती. "शाळेत खोटं शिकवतात, सरकार. त्यापेक्षा इथे घोडे बरे. ते बोलत तरी नाहीत!"

"ठरलं!" सरकारांनी मांडीवर थाप मारली. "मास्तरीण, उद्या दरबारात चंद्र फिरवून दाखव. मला त्याची पाठ दिसता कामा नये, आणि तरी त्याने गिरकी घेतली हे मी माझ्या तोंडाने कबूल केलं पाहिजे. नाही केलं, तर परवा इथे पागा!"

मुलींनी भोकाड पसरलं. चंद्राच्या तोंडावरच्या पिठाची तर खळच झाली.

सारजाने घरी जाऊन लिंबू फिरवून पाहिलं, नारळ फिरवून पाहिला, बापाच्या टकलाभोवती लाडूही फिरवला. लाडू तेवढा संपला, उत्तर काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी ती हात हलवत दरबारात गेली.

दारातच भालदार कुजबुजला, "बाई, सरकारांना पाठ दाखवायची नाही हं! परत येताना उलटं चालायचं." आत पाहते तर खजिनदार तसेच उलटे येताना खांबावर आदळले, खांबाला मुजरा करून पुढे, म्हणजे मागे, सरकले. सारजा खुदकन हसली, आणि मग तिचे डोळेच चमकले.

"सरकार, चंद्र सापडला! आपली गादी मधोमध घ्यावी. आपण पृथ्वी. आणि चंद्रासारखा तेजस्वी माणूस या दरबारात दिवाणजींशिवाय कोण आहे?"

दिवाणजी फुलून पुढे आले. सारजाने पूर्वेला सेनापतींना उभं केलं, दक्षिणेला खजिनदारांना, पश्चिमेला राजवैद्यांना. उत्तरेला बांबूच्या चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब होत्याच.

"सेनापतींच्या बाजूने सुरुवात करा, दिवाणजी. सरकारांभोवती एक फेरा. पण सांभाळून! सरकारांना पाठ दिसली तर बेअदबी!"

दिवाणजी खेकड्यासारखे तिरके तिरके चालू लागले. त्यांच्याकडे बघत सरकारही गादीवर बसल्या बसल्या बूड फिरवू लागले. फेरा पुरा झाला.

"पाठ दिसली, सरकार?"

"त्याची काय बिशाद!"

"आणि गिरकी?"

"कसली गिरकी? सारखं त्याचंच थोबाड तर बघत होतो! चला, पागा!"

"थांबावं सरकार. बाजूला उभे आहेत, त्यांनाही विचारू."

सेनापती म्हणाले, "मला आधी पाठ दिसली. मग खांदा, मग तोंड, मग दुसरा खांदा."

राजवैद्य म्हणाले, "मला आधी तोंड. पाठ नंतर."

"हे दोघे तर जागचे हललेसुद्धा नाहीत," सारजा म्हणाली. "मग दिवाणजींनी त्यांना चारी बाजू दाखवल्या त्या गिरकी घेतल्याशिवाय?"

सरकार तोंड उघडणार तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला, "आम्हालाही दिसली हो पाठ! पण दिवाणजींचा अंगरखा पुढून जरीच्या किनखापाचा आणि मागून जाड्याभरड्या मांजरपाटाचा कसा?"

 दर दसऱ्याला सरकार प्रत्येक मानकऱ्याला अख्ख्या अंगरख्याचं किनखाप देत. पाठीकडच्या कापडाचं काय व्हायचं, ते मानकऱ्यांच्या घरच्या उशांना ठाऊक!

"त्र्यंबकपंत, फिरा!"

"सरकार, आपल्याला पाठ दाखवू? पाप लागेल!"

"फिरा म्हणतो ना! सगळेच फिरा!"

अख्खा दरबार फिरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत मांजरपाट! राजवैद्यांच्या पाठीवर तर गव्हाच्या पोत्याचा शिक्कासुद्धा होता.

सरकार आधी लालबुंद झाले, मग त्यांचे गाल थरथरले आणि मग ते असे हसत सुटले की डोक्यावरचा मंदील मांडीवर आला. "घेतली! गिरकी घेतली चंद्राने! कबूल! शाळा तुझी, मास्तरीण. यंदापासून पाठीकडचं किनखाप तुझ्या पोरींच्या परकरांना!"

"आणि पागा, सरकार?" दिवाणजींनी भिंतीकडे तोंड करूनच विचारलं.

"तुमच्या अंगणात!"

सारजा मुजरा करून उलटी चालू लागली. दारापर्यंत पोचते तोच सरकारांनी हाक मारली. डोळे पुसत, पण जरा रुसूनच ते म्हणाले, "एक सांग. एवढा मोठा राजा मी, आणि मला पृथ्वी केलंस? सूर्य करायला काय झालं होतं?"

"सूर्याभोवती सगळे खरंच फिरतात, सरकार. सगळेच आपल्याभोवती फिरतात असं नुसतं वाटतं, ते पृथ्वीला!"