नदीकडचं दार

“बाई, आता इथं माणसाचं काम काय उरलं, तुम्हीच सांगा!”

इंद्रजित धनवडेनं ऐटीत पडद्याकडे बोट केलं. शहराचं सांडपाणी या केंद्रात येऊन स्वच्छ व्हायचं. पंप, हवेचे झोत, नदीकडचं लोखंडी दार... सगळं आपोआप. ही यंत्रणा त्यानंच बसवली होती. तीच दाखवायला त्यानं कॉलेजातल्या आपल्या हिरेमठबाईंना मुद्दाम बोलावलं होतं.

बाईंनी पडद्यावरच्या दाराच्या चित्राकडे निरखून पाहिलं.

“पाणी घाण असलं की दार उघडतच नाही,” तो म्हणाला. “कुणी कितीही डोकं आपटो.”

तेवढ्यात फोन वाजला. वरचे साहेब. रंगाच्या कारखान्यांनी इतकं पाणी सोडलं होतं की टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. ते तसंच नदीत सोडायचं होतं.

“साहेब, खालची गावं ते पाणी पितात.”

“घाणीची मर्यादा वाढव. दार आपोआप उघडेल. तू कुठं हात लावतोयस?”

इंद्रजितनं बाईंकडे पाहिलं. मग मान खाली घालून आकडा बदलला.

पडद्यावरचा दिवा हिरवा झाला. दार अलगद वर गेलं. लालभडक पाणी नदीकडे धावलं.

यंत्रणेनं जराही कुरकुर केली नाही.

“बाई... थांबवू?”

“कुणाला विचारतोस?”

तो ताडकन उठला. यंत्रणा बंद केली, धावत दाराशी गेला आणि तिथलं गंजलेलं चाक जीव खाऊन फिरवू लागला. दार खाली बसलं, तेव्हा त्याचे तळहात सोलवटले होते.

बाई मागोमाग येऊन उभ्या राहिल्या. इंद्रजितच्या खिशातला फोन वाजला.

“दार कुणी बंद केलं?”

“मी.”

“उघड आत्ताच्या आत्ता.”

“नाही उघडणार. आधी कारखान्यांचं पाणी बंद करा.”

“उद्यापासून तोंड दाखवू नकोस. दुसरा माणूस पाठवतो.”

“पाठवा. तोही इथं येऊन माझ्याशी बोलेल. तोवर मी या दारापासून हलत नाही.”

साहेबांनी फोन ठेवला. इंद्रजित तिथंच चौथऱ्यावर बसला, पण चाकावरचा हात काढला नाही.

“नोकरी गेली, बाई.”

बाई पदर सावरून त्याच्या शेजारी खाली बसल्या.

“गेली,” त्या म्हणाल्या. “त्या यंत्राची जन्मात जायची नाही.”